दुसरी टाच

इनास, तुला शेठ म्हणायचं की नुसतं नाव घ्यायचं, इथपासूनच माझं अडलंय. चार माणसांत मी तुला शेठ म्हणायचो आणि बांधावर दोघेच असलो की इनास. हे छापून येणार, म्हणजे चार माणसांतच येणार. पण त्या चार माणसांत आता तू नाहीस. तेव्हा इनासच बरं.

ठाण्याच्या छापखान्याचे मास्तर परवा मिठागरावर आले होते. पायात जोडे, हातात छत्री, आणि ओल्या बांधावरून चालताना छत्रीचाच काठीसारखा आधार. मला म्हणाले, "जोमा, तुमच्या शेठनी ओसाड खाजणातून एवढं मिठागर उभं केलं. त्यांच्या चरित्रातून उद्योगी तरुणांनी काय धडे घ्यावेत, ते सांगा. तुम्ही बोला, मी लिहून घेतो."

मी म्हटलं, "मला लिहिता येतं."

मास्तर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. तिथेच मी ठरवलं की हे मीच लिहिणार. तुला माझा स्वभाव माहीत आहे.

धडे मला ठाऊक नाहीत. तुझ्याशी बोलायचं राहिलंय एवढं ठाऊक आहे, आणि एक गोष्ट तुला कळवायची आहे. ती शेवटी सांगेन.

लिहायला मला तूच शिकवलंस, हे मास्तरांना सांगायला हवं होतं. तू पाद्र्यांच्या शाळेतून सुटलास की खाडीवर यायचास आणि ओहोटीच्या चिखलात काठीने अक्षर काढायचास. मी ते बोटाने गिरवायचो. ओळ संपेस्तोवर भरतीचं पाणी यायचं आणि सगळं पुसून न्यायचं. माझं अक्षर आजही पाणी मागे लागल्यासारखं धावतं, ते त्यामुळे. एवढीच माझी शाळा. ती मला कधी कमी वाटली नाही.

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना वाटेल, मोठा माणूस म्हणजे पहिल्यापासून काहीतरी मोठं बोलत असणार. तू काय बोललास ते मी सांगतो. वैशाखाचं ऊन होतं. आपण दोघं ऐन पंचविशीत. खाडीकाठचं ते खाजण तेव्हा कुणाचंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल, कडेने तिवरांची झाडं. माणसं चिंबोऱ्या धरायला जायची तेवढीच. गुरं फिरून गेलेली. एका खुराच्या खड्ड्यात पाणी साचून आटलं होतं आणि तळाला पांढरी पापडी धरली होती. तू ती बोटावर घेऊन चाटलीस आणि तेच बोट माझ्या तोंडासमोर धरलंस.

"चाट."

"गुराच्या पायाखालचं? तुला ऊन लागलंय."

"जोमा, हे अख्खं खाजण म्हणजे एक मोठा खूर समज."

मी म्हटलं, होणार नाही. नुसतं म्हटलं नाही, कारणं सांगितली. माती पोकळ आहे. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला इथे पाण्याचा केवढा जोर असतो ते तुझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोराला कळायचं नाही. चिंबोऱ्या बांध पोखरतील. तू सगळं ऐकून घेतलंस, मधे एकदाही तोंड घातलं नाहीस. मग म्हणालास, "उद्यापासून तू माझ्याबरोबर."

"मी नाही म्हणतोय. ऐकू येत नाही का तुला?"

"आलं ना. म्हणून तर."

माझ्या जन्मात तोवर माझ्या नकाराला कुणी किंमत दिली नव्हती. घरात मला आडमुठा म्हणायचे, गावात भांडखोर. तू मला त्याच गुणावर कामाला ठेवलंस. हे तुला मी कधी बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं असंही मी म्हणणार नाही. तुला कळत होतं.

पहिला बांध श्रावणातल्या उधाणाने नेला. कुठे फुटला ते सगळ्यांना दिसत होतं. पलीकडच्या पाड्यावरच्या टोळीने घातलेला तुकडा होता. माती नीट चोपली नव्हती. ती माणसं माना खाली घालून उभी. आमचे लोक शिव्या द्यायला तयार. तू उरलेल्या बांधाच्या टोकावर बसलास, फडकं सोडलंस आणि भाकरी खायला लागलास. पाणी तुझ्या पायांखालून आत शिरत होतं. खाऊन झाल्यावर हात धुतलेस आणि म्हणालास, "आपला बांध गेला." त्यांचा नाही, आपला. पुढल्या वर्षी त्याच टोळीला त्याच जागी उभं केलंस.

त्यावरून आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं. मी म्हणत होतो, ज्याने फोडलं त्यालाच परत तिथे ठेवणं म्हणजे वेडेपणा. तू म्हणत होतास, तिथली माती कशी दगा देते हे आता त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? तो बांध टिकला. अजून उभा आहे. तरी मी सांगतो, तुझं नशीब होतं. माझ्या म्हणण्यात चूक नव्हती. हे भांडण तू अर्धं ठेवून गेलास, म्हणून आता शेवटचा शब्द माझा.

आता टाचेचं. वाचणाऱ्याला मिठागर माहीत नसेल तर थोडं सांगायला हवं. बांधाच्या आत जमिनीचे चौकोनी वाफे करतो, त्यांना आम्ही कोंडी म्हणतो. उधाण आलं की उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, वर उचलायची. खाडीचं पाणी आत येतं, एका कोंडीतून दुसरीत फिरतं, उन्हाने आटतं आणि मीठ धरतं. पण त्याआधी, पावसाळा सरला की, प्रत्येक कोंडीचा तळ पायांनी तुडवून दगडासारखा करावा लागतो. माणसं खांद्याला खांदा लावून ओळीने उभी राहतात. एक बाई गाणं सांगते आणि त्या ठेक्यावर सगळ्यांचे पाय पडतात. तळ जर कच्चा राहिला तर मीठ ओढताना माती वर येते आणि अख्खं मीठ काळं पडतं.

आपलं पडलं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या हंगामात. तुला घाई होती, मुंबईचा व्यापारी मागे लागला होता. मी टाच रोवून बघितली आणि म्हटलं, मऊ आहे, अजून तुडवू. तू म्हणालास, चालेल. तू मालक, पाणी घेतलंस. चैत्रात मीठ ओढायला घेतलं तर कोळशासारखं.

दुसरा कुणी असता तर त्याने ते मीठ गुपचूप खाडीत लोटून दिलं असतं. तू त्याची रास रचायला लावलीस, ती पण कुठे, तर तुझ्या खोपटाच्या दारात, जाता-येता सगळ्यांना दिसेल अशी. शेजारी पांढऱ्या राशी गवताने शाकारलेल्या आणि ही उघडी. मीठ खात्याचा शिपाई आला, त्यानेही विचारलं, हे काय? तू म्हणालास, "ही माझी रास." पावसाने ती वाहून नेईपर्यंत हलवू दिली नाहीस. तुझी बायको मारीबाय म्हणायची, दारात हे काळं तोंड कशाला ठेवलंय. तू म्हणायचास, माझंच आहे, ओळखीचं आहे.

त्या पावसाळ्यानंतर तू नियम केलास. कोंडी तयार झाली की दोन टाचा टेकायच्या, एक तुझी आणि एक माझी. अनवाणी चालायचं, कोपऱ्याकोपऱ्यात टाच रोवायची. दोघं हो म्हणाले तरच पाणी. एकजण जरी नाही म्हणाला तरी परत तुडवायची. आणि ज्याने नाही म्हटलं असेल, त्यानेच मागाहून हो म्हणायचं. त्याचा नकार दुसऱ्या कुणी उचलायचा नाही, मालकानेसुद्धा नाही.

या नियमाने आपले किती उधाणाचे दिवस वाया गेले! शेजारच्या आगरात पाणी चमकायला लागायचं आणि आपण दोघं कोरड्या कोंडीत उभे राहून हातवारे करत असायचो. पुलावरून आगगाडी जायची तेव्हा तिच्यातली माणसंही बघत असतील, हे दोन म्हातारे कशावरून भांडतायत.

आणि तू स्वतः ओळीत उभा राहायचास. धोतर गुडघ्यावर खोचून, बायकांच्या आणि गड्यांच्या मधे. ठाण्यात बोलबाला झाला होता की शेठ चिखलात नाचतो. एकदा पाद्री होडीतून जाताना त्यांनी पाहिलं. मारीबायने घर डोक्यावर घेतलं. "रविवारी मी मिस्साला कुठल्या तोंडाने जाऊ?" तू म्हणालास, "जायचंय पायांनी, तोंडाचं काय?" तिने आठवडाभर तुला सुके बोंबील वाढले, आठवतं? तुझा ठेका मात्र कायम चुकायचा. बायजा गाणं सांगता सांगता त्यातच घालायची, "डावा रं शेठ, डावा पाय!" आणि सगळी ओळ हसायची. तूही हसायचास आणि परत उजवाच टाकायचास. मला कधी कधी शंका यायची की तू मुद्दाम चुकतोस.

तुझे दोषही लिहितो, नाहीतर मास्तरांना वाटेल मी आरती ओवाळतोय. तू शाबासकी देत नव्हतास. एवढ्या हंगामांत एकदा सुद्धा म्हणाला नाहीस की जोमा, छान झालं. पांढरंशुभ्र मीठ निघालं तरी मूठभर हातात घेऊन चोळायचास आणि म्हणायचास, "हं." त्या "हं"वर मी घरी जाऊन भाकरी खायचो. दुसऱ्या माणसाला ते पुरलं नसतं. माझं कौतुक मी मागून घेणाऱ्यातला नाही, आणि तू न मागता देणाऱ्यातला नव्हतास, म्हणून आपलं निभलं.

आता ती कोंडी. उघाडीला लागून असलेली, सगळ्यांत पहिली. खाडीचं पाणी आधी तिच्यात येतं आणि मग पुढे सगळीकडे जातं. ती कच्ची राहिली तर तिचा गाळ अख्ख्या आगरात फिरणार. कार्तिक सरत आला होता, बाकी सगळ्या कोंड्या आपण दोघांनी टाच टेकून पास केल्या होत्या. संध्याकाळी तू हिच्यात उतरलास. मी आधीच फिरून आलो होतो. तू मला विचारलंस, "कशी?"

"घट्ट."

तू गेलास, फिरलास, खाडीकडच्या कोपऱ्यात थांबलास. टाच रोवलीस, परत रोवलीस. "इथे मऊ आहे."

"कुठे मऊ आहे? तुझी टाच म्हातारी झालीय."

"आणि तुझे कान. मऊ आहे म्हणतोय मी."

"घट्ट आहे."

"उद्या बघू," म्हणालास आणि खोकत खोकत होडीत बसलास. अंगात कणकण असणार. मला बोलला नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू आला नाहीस. मग सालू आला, तुझा मुलगा, म्हणाला बाबांना ताप आहे. मग तो ताप उतरलाच नाही.

मी ठाण्याला तुझ्या घरी आलो तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडला होतास. माझा आवाज ऐकून वळलास आणि पहिला शब्द काय, तर, "तुडवलीस?"

"नाही."

"का?"

"घट्टच आहे."

"मऊ आहे, जोमा."

"घट्ट आहे."

मारीबाय डोळ्यांना पदर लावून बसली होती, ती उठलीच. "देवा, मरायला टेकलाय आणि मिठागर सुटत नाही! आणि तू रे जोमा, आजारी माणसाला हो म्हटलंस तर तुझं काय जाईल?"

मी हो म्हटलं नाही. तुला खोटं हो नको होतं, मला माहीत आहे. तसं म्हटलं असतं तर तू ओळखलं असतंस की आता आपलं काही खरं नाही. मी तुझ्या पायांशी बसलो आणि खोबरेल घेऊन तळवे चोळायला लागलो, ताप पायांतून उतरतो म्हणतात म्हणून. तुझ्या टाचा हाताला लागल्या. इनास, त्या मऊ पडल्या होत्या. खाऱ्या पाण्यापासून थोडे दिवस दूर काय राहिल्या, तर जन्मभराचं कातडं सुटून खाली लहान मुलासारखी कातडी आली होती. माझा हात क्षणभर थांबला, मग मी चोळत राहिलो. तू डोळे मिटून पडला होतास, पण मला वाटतं माझा हात थांबलेला तुला कळला होता.

तुला मातीत ठेवलं तेव्हा सगळे होते. मुंबईचे व्यापारी, पाद्री, कल्याणचे गलबतवाले, आपल्या आगरातले झाडून सगळे. तुमच्या लोकांत मूठभर माती टाकतात, म्हणून मीही वाकलो. मूठ भरली आणि सवयीने बोटांत चोळून बघितली. भुसभुशीत होती. मनात आलं, हे इनासला चाललं नसतं. मग टाकली.

आणि आगरावर परत आलो तर ती कोंडी तशीच. तिच्यावर तुझा नकार तसाच उभा. नियम तुझा, की ज्याने नाही म्हटलं त्यानेच हो म्हणायचं. आणि तू तर निघून गेलास. आता हो कोण म्हणणार?

मार्गशीर्षातल्या अवसेचं उधाण तोंडावर आलेलं. ते चुकलं तर पुनवेपर्यंत थांबायचं आणि तोवर माणसं थांबली नसती. कल्याणकडे वीटभट्ट्या लागायला सुरुवात झाली होती, तिकडून मुकादम येऊन बोलणी करत होता. दोन घरं गेली तर दहा जातात. एकदा ओळ मोडली की तो हंगाम गेला, आणि तू नसताना पहिलाच हंगाम गेला तर लोक म्हणणार, हे मिठागर एका माणसाच्या पायावर उभं होतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. तुझ्यासाठी नव्हे. माझाही पाय त्यात होता.

सालू म्हणाला, "काका, बाबांचा नियम बाबांबरोबर गेला. तुम्ही म्हणता घट्ट आहे, तर उघाडी उचलू."

पोरगा वाईट नाही. माझा मान ठेवून बोलत होता. पण मला असा राग आला. मी म्हटलं, "तुझ्या बापाने मला कधी असं म्हटलं नाही. तुम्ही म्हणता तर, असं!"

पहिली गोष्ट, कोंडी परत तुडवून घेतली. मला पटलं म्हणून नाही. नकार आला की तुडवायची, हा नियम आहे, आणि नियम करताना मीही तिथे होतो. मग दुसरी टाच शोधायला लागलो. सालूला उतरवलं. तो फिरला आणि म्हणाला, "घट्ट आहे, काका." गलबतावरचा पदू उतरला, "एकदम घट्ट." पाड्यावरच्या टोळीचा म्होरक्या उतरला, ज्याच्या बापाचा बांध फुटला होता, तोही म्हणाला, "दगड हाय, जोमाबाबा."

सगळ्यांनी मला पाहिजे तेच सांगितलं आणि मला एकाचंही पटेना. मग लक्षात आलं. ते टाच जमिनीवर टेकवत होते, पण बघत होते माझ्या तोंडाकडे. मी आधीच सांगून बसलो होतो की घट्ट आहे. तू कधीच आधी सांगत नव्हतास. इतकी वर्षं तू मला आधी विचारायचास, "कशी?" आणि मला वाटायचं, मान देतो. मान नव्हता तो. तुला माझ्या तोंडातून माझंच ऐकायचं होतं, तुझं नाही. हे मला कळायला तुला जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऐन अवसेला, मी परत सगळ्यांना गोळा केलं. म्हटलं, आज मी काही बोलणार नाही, आणि खाडीकडे तोंड करून उभा राहिलो. तरी तेच. माझ्या पाठीकडे बघून सांगत होते. घट्ट, घट्ट, घट्ट. दुपारच्या भरतीला फार वेळ नव्हता. खाडीचं पाणी चढायला लागलेलं दिसत होतं. उघाडीच्या फळ्यांतून करकर ऐकू यायला लागली. मी मनात म्हटलं, संपलं, आता उचलतो.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "गावातल्या सगळ्या बाप्यांना विचारून झालं. गाणं कोण सांगतं, तिला नाय विचारणार?"

बायजा. पाय धूत बसली होती. तिची जीभ तुला माहीत आहे.

मी म्हटलं, "तुझं काम गाणं. ते कर."

"माझे पाय काय गाण्यात असतात, आन तुमचे जमिनीवर? शेठला डावा-उजवा मीच सांगायचे ना?" असं म्हणून लुगडं खोचून उतरलीसुद्धा. कुणाकडे बघितलं नाही. फिरली. खाडीकडच्या कोपऱ्यात थांबली. टाच रोवली, परत रोवली. मग माझ्याकडे वळली, थेट डोळ्यांत बघून म्हणाली, "हितं मऊ हाय."

पदूने खाली बघितलं.

"कुठे?"

"हितं. शेठ थांबला होता तिथंच."

"शेठ बोलला होता म्हणून तू बोलतेस."

"शेठ गेला त्याचं मला बी वाईट वाटतं, जोमाबाबा. पण पायाला थोडंच कळतं कोण मेलं ते? मऊ हाय तर मऊ हाय."

"घट्ट आहे!"

"मऊ हाय!"

माझा आवाज पार पुलापर्यंत गेला असेल. तिचा त्याच्या पुढे. मी कोपऱ्यात गेलो, टाच रोवली. मला घट्टच लागली. ती म्हणाली, तुमची टाच खडपासारखी झालीय, तिला सगळंच घट्ट. कुणीतरी मागे हसलं. इनास, माझं डोकं फिरलं होतं. तोंडातून निघणारच होतं की चालती हो. आणि निघता निघता मला दिसलं की मी कित्येक दिवसांनी इतका मोठ्याने भांडलोय. तू गेल्यापासून माझ्याशी कुणी भांडलंच नव्हतं. सगळे हळू बोलत होते, जपून, जसं आजाऱ्याशी बोलतात. मी घरात बायकोवर ओरडलो तरी ती गप्प राहायची.

मी म्हटलं, "ओळ लावा."

फक्त तो कोपरा. पाणी फळ्यांना लागलेलं, सालूने उघाडीची दोरी धरून ठेवलेली आणि आम्ही सगळे त्या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून. बायजाने गाणं सांगितलं. मधे एकदा सवयीने "डावा रं शेठ" म्हणाली. ओळ थांबली नाही. कुणी हसलं नाही. पाय पडत राहिले. माझ्या डाव्या हाताला तुझी जागा होती. ती कुणी भरली नव्हती, मग सालू दोरी दुसऱ्याकडे देऊन तिथे येऊन उभा राहिला. त्याचाही ठेका चुकतो.

बायजा थांबली. टाच रोवली. मी बघत नव्हतो, म्हणजे बघत होतो. ती म्हणाली, "आता घ्या."

तुझा नकार कुणी उचलू शकत नव्हतं, तूच तसं करून ठेवलं होतंस. तिने तो उचलला नाही. तिने तो आपला केला, आणि मग जो तिचा होता तो तिने खाली ठेवला. नियम मोडला नाही. मला अडवायला कुठे जागाच ठेवली नाही तिने.

मारीबाय आली होती. तुझ्या बांधावरच्या कुरसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, तिने मेणबत्ती लावली, मी उघाडीवर नारळ फोडला. सालूने दोरी ओढली. पाणी आलं. आधी फेस, मग गढूळ, मग निवळलं आणि कोंडी भरून पुढच्या कोंडीत गेलं. तळ ढवळला नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "हं."

हेच कळवायचं होतं. तुझ्या पहिल्या कोंडीला पाणी मिळालं.

मास्तरांना धडे हवेत. मी त्यांना हे कागद देईन, त्यांना काय काढायचं ते काढू देत. मला विचारलं तर एवढंच सांगेन, की ज्याला काही मोठं उभं करायचं असेल त्याने तोंडावर नाही म्हणणारं माणूस शोधावं आणि त्याला आधी बोलू द्यावं. तू मला शोधलंस. मी तुझ्या मानाने भाग्यवान, मला शोधावं लागलं नाही, तीच उतरून आली.

फाल्गुनात मीठ ओढू तेव्हा ते पांढरं निघेल. बायजा म्हणणार, माझ्या कोपऱ्यामुळे. मी म्हणणार, तो कोपरा आधीच घट्ट होता. आणि तो होता, इनास. तुझ्या तोंडावर सांगितलं, तिच्या तोंडावर सांगितलं, आता छापून सांगतो.

पण पुढे ज्या ज्या कोंडीची डागडुजी निघेल, तिथे आधी तिला विचारायचं ठरवलंय. मी मागून बोलेन. आत्ता लिहिताना बांधावरून तिची हाक ऐकू येतेय. तिसऱ्या कोंडीच्या बांधाला चीर गेलीय म्हणते. चीरबीर काही नाही, मी सकाळीच बघून आलोय.

जातो. तिला सांगून येतो.